वरून लावायचं औषध

"वरून लावायचं आहे, त्यानं काही होत नाही." अड्याळच्या माझ्या मेडिकलच्या फळीमागून हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. घाबरणाऱ्या गिऱ्हाइकाला धीर द्यायला ते बरं पडायचं. पण मनातून मीही तेच धरून चाललो होतो. ट्यूबनं नुकसान होत नाही, आणि खरं म्हणजे फायदाही फारसा होत नाही. दुखणाऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी चाळा हवा असतो, तो आपण पुरवतो, असं माझं मत. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या, आणि त्यांची किंमत माझ्या गल्ल्यातून गेली नाही.

मी डी. फार्म. आहे. त्वचेतून औषध कसं शिरतं हा धडा मी परीक्षेला लिहिलेला आहे, आकृतीसकट. दुकान टाकल्यावर तो धडा मागे राहिला आणि एजंटानं सांगितलेल्या दोन ओळी पुढे आल्या.

आमचा हा पवनी तालुका धानाचा. पाऊस लागला की रोवणे सुरू होतात आणि बायका दिवसभर बांधीत वाकून, घोटाभर, कधी पोटरीभर चिखलातून पाय उपसत मागे मागे सरकतात. पुढे धान निघाला की मिरचीचे सातरे लागतात. तिथं उकिडवं नाहीतर मांडी घालून दिवसभर मिरचीची देठं खुडायची. चाळिशी ओलांडलेल्या बाईचे गुडघे यातून शाबूत राहिले तर नवल. आमच्याकडे गुडघ्याला टोंगरा म्हणतात. रोवण्याच्या हंगामात माझ्याकडे संध्याकाळी एकच मागणी असायची, "भाऊ, टोंगरे लय ठणकते, काही लावाले दे." मी मागे वळायचो, हाताला येईल ती ट्यूब काढायचो आणि सांगायचो: "हरभऱ्याएवढं घ्या, चांगलं चोळा, सकाळी कामाला जायच्या आधी आणि रात्री झोपताना."

या एका वाक्यात मी तीन चुका कोंबत होतो.

पहिली चूक मापाची. डायक्लोफेनॅकचं एक टक्क्याचं जेल अमेरिकेत 2007 साली मंजूर झालं, तेव्हापासून त्याच्या लेबलवर गुडघ्यासाठी माप दिलेलं आहे: एका वेळेला 4 ग्रॅम, दिवसातून चार वेळा, म्हणजे एका गुडघ्याला दिवसाचे 16 ग्रॅम. आपल्याकडे 1.16 टक्क्यांचं डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन मिळतं, ते ताकदीला जवळपास तेवढंच. त्याचं माप एका वेळेला 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. हे समजल्यावर एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा शेजारच्या सराफाच्या काट्यावर कागद ठेवून मी माझा हरभरा मोजला. अर्धा ग्रॅमसुद्धा भरला नाही. डॉक्टर लोक ज्याला बोटाच्या पेराचं माप म्हणतात, म्हणजे तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, ती साधारण अर्ध्या ग्रॅमची असते. 4 ग्रॅमला अशी आठ पेरं लागतात. मी जे देत होतो ते पूर्ण मात्रेच्या आठव्या-दहाव्या हिश्शाचं, तेही दिवसातून दोनदा. तीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायची आणि "ट्यूब पुरते" म्हणून गिऱ्हाईक खूश असायचं. दुखणं मात्र जिथल्या तिथं. मग मीच म्हणायचो, "लावायच्या औषधानं एवढंच होणार मावशी, गोळी घ्या सोबत."

दुसरी चूक वेळेची. ही आठवली की आजही माझी मलाच कीव येते. सकाळी कामाला जायच्या आधी लावा! लावल्यावर निदान तासभर ती जागा धुवायची नाही, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या सल्ल्यानं जेल लावून बाई घरून निघायची आणि अर्ध्या तासात बांधीत उतरायची. पाऊस, गढूळ पाणी, चिखल. माझं औषध धानाला मिळत होतं. मी इथलाच, रोवणा लहानपणापासून पाहिलेला, आणि फळीमागे उभा राहिलो की मला बांधी दिसत नव्हती.

तिसरी चूक चोळण्याची. जेल हलक्या हातानं पूर्ण गुडघ्यावर पसरायचं असतं, वाटीवर, दोन्ही बाजूंना, मागे. रगडून ते जास्त आत जात नाही. उलट आधीच सुजलेल्या सांध्याला सासुरवास. पण आपल्याकडे मालिश म्हणजे जोर, आणि मी त्या समजुतीला माझ्या डिप्लोम्याचा शिक्का दिला.

आता तो विसरलेला धडा. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी दहा ते वीस मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढी. या पेशी कवेलूंसारख्या एकीवर एक चढवलेल्या आणि मधल्या फटी चरबीनं बुजवलेल्या. औषधाला वाट काढायची ती त्या चरबीतून. म्हणून आकारानं लहान आणि तेलाशी थोडंफार जमवून घेणारा रेणूच पार होतो. सन 2000 मध्ये बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी यावर एक ढोबळ नियम मांडला: रेणूचं वजन 500 डाल्टनच्या वर गेलं की धडधाकट कातडीतून तो जवळजवळ जात नाही. डायक्लोफेनॅक 296 डाल्टनचं, ते जातं. गुडघ्याचा सांधा कातडीखाली फार खोल नाही, म्हणून तिथं ते सांध्याच्या अस्तरापर्यंत पोचू शकतं. खुबा खोल असतो, कमरेचे मणकेही. खुब्यासाठी ट्यूब नेणारी माणसं माझ्याकडे भरपूर होती आणि मी त्यांना कधी परत पाठवलं नाही.

याच नियमात माझी सगळ्यात लाजिरवाणी विक्री अडकते. मध्यंतरी सांध्याची झीज भरून काढणाऱ्या, कूर्चा वाढवणाऱ्या म्हणून काही क्रीम आल्या. कुणात ग्लुकोसामाइन, कुणात कॉन्ड्रॉइटिन, कुणात हायल्युरॉनिक आम्ल. खोकी चकचकीत, मार्जिन साध्या जेलपेक्षा कितीतरी जास्त. कॉन्ड्रॉइटिनचा रेणू दहा हजार डाल्टनच्याही वरचा असतो. हायल्युरॉनिक आम्लाचे रेणू लाखांत जातात, म्हणून तर डॉक्टर ते सुईनं थेट सांध्यात देतात. ग्लुकोसामाइन लहान आहे, पण ते पाण्याचं सोयरं, चरबीच्या वाटेवर त्याला कोण विचारतो? तरी मी या क्रीम विकल्या. "याच्यानं गादी तयार होते" असं तोंडानं सांगून विकल्या. नियम ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय मला नाही. माझ्या जुन्या वहीत तो लिहिलेला होता.

पण ही पैशांची लूट झाली. अंगावर आलं ते वेगळंच.

आमच्या भागात वरून लावायच्या औषधांना आपली एक जुनी परंपरा आहे. रुईचं पान तेल लावून गरम करून बांधणं, एरंडाचं पान, निरगुडीचा शेक आणि बिब्याचा चटका. बिब्याचं तेल कातडीत कसं शिरतं ते इथं कुणाला शिकवावं लागत नाही. फोड आलेले, डाग पडलेले गुडघे मी लहानपणापासून पाहतोय. तेव्हा वरून लावलेल्या गोष्टीनं काही होत नाही, हे वाक्य या गावात उच्चारायला खरं तर धाडस लागतं. माझ्यात ते होतं.

एक मावशी माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक. साखरेची गोळी माझ्याकडूनच न्यायच्या. त्यांना मी जी ट्यूब दिली, तिच्यात डायक्लोफेनॅकसोबत मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि कॅप्सायसिन होतं. अशी मिश्रणं आपल्याकडे सर्रास खपतात. त्यांपैकी बऱ्याच ट्यूबांत 'ओलियम लिनी' असंही छापलेलं असतं, ते म्हणजे आपलं जवसाचं तेल. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून फेकलेला जवस लॅटिन नाव घेऊन परत आपल्यालाच विकला जातो, याची मला गंमत वाटायची. असो. मावशींनी विचारलं, "वरून शेकू का?" मी म्हणालो, "शेका ना, लवकर जिरेल."

ते खोटं नव्हतं, हीच अडचण. उष्णतेनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, औषध जास्त आणि लवकर आत जातं. वरून झाकलं की कातडी ओलसर होते, फटी सैलावतात, आणखी जातं. मावशींनी ट्यूब लावली, वर एरंडाचं पान ठेवलं, लुगड्याला डाग पडू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि फडक्यात गुंडाळलेली गरम वीट लावून त्या झोपी गेल्या. कॅप्सायसिन आणि मेंथॉल यांच्यामुळे तिथं आग आणि गारवा दोन्ही एकत्र जाणवत होतं, त्यात खरा चटका कळलाच नाही. साखरेनं संवेदना आधीच कमी झालेली असावी. सकाळी गुडघ्यावर मोठमोठे फोड.

मुलगा गाडीवर बसवून त्यांना दुकानात घेऊन आला. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पहिली, म्हणालो, "ट्यूबची बॅच खराब असेल." बॅचमध्ये काही खोट नव्हती. दुसरी, भाजल्यावर लावायचं मलम देऊन त्यांना घरी पाठवलं. साखर असलेल्या माणसाची भाजलेली जखम, तीही सांध्यावर, चार पावलांवर ग्रामीण रुग्णालय, आणि मी मलम विकलं. ती जखम चिघळली, लांबली, मावशींचा त्या सालचा रोवणा बुडाला. रोवणा बुडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मजुरी येते त्यालाच कळतं. मुलाला मी खरं काय ते पुढे सांगितलं, पण फार उशिरा, जखम भरून आल्यावर, म्हणजे ते सांगून काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

अमेरिकेच्या एफडीएनं सप्टेंबर 2012 मध्येच इशारा दिला होता की मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट, कॅप्सायसिन असलेल्या दुखण्यावरच्या मलमांनी क्वचित गंभीर भाजल्याच्या घटना घडल्या आहेत, अशा मलमांवर घट्ट पट्टी बांधू नका, शेक देऊ नका. अमेरिकेचं कशाला, माझ्या दुकानातल्या खोक्यातही बारीक अक्षरांत घडी घातलेला कागद होता. इंग्रजीत. तो वाचू शकणारा फळीच्या अलीकडे मी एकटा होतो आणि मी तो कधी उघडला नव्हता.

कॅप्सायसिनची आणखी एक गोष्ट. भिवापूरची मिरची आमच्या शेजारची, तिच्यातला तिखटपणा म्हणजे हेच द्रव्य. सातऱ्यावर जाणाऱ्या एका बाईला मी मिरचीची ट्यूब काढून दिली तेव्हा ती हसायलाच लागली. "दिसभर मिरचीच हातात रायते भाऊ, आनखी पैसे देऊन कायले लावू?" तिला उत्तर देता आलं नाही मला. उत्तर असं आहे: कॅप्सायसिन मज्जातंतूंच्या टोकावरच्या एका ग्राहकाला चेतवतं. तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये ओळखला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पहिल्यांदा आग होते. रोज तीन-चारदा, आठवडे न आठवडे लावत राहिलं तर ती टोकं थकतात आणि दुखण्याचे निरोप कमी पाठवतात. दुखलं तेव्हाच लावायचं हे औषध नव्हे. मी मात्र "आग होते भाऊ" म्हणून आलेल्या प्रत्येकाला "मग बंद करा" असं सांगत आलो, म्हणजे उपयोग सुरू व्हायच्या आधीच. हात धुवायचंही सांगितलं नाही. सातऱ्यावरच्या बायकांना ते सांगायची गरज नव्हती. त्या आधी हाताला तेल चोळतात, मग साबण, कारण नुसत्या पाण्यानं मिरची जात नाही. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

आता आईचं.

आईला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी. गुडघे दोन्ही गेलेले. मी तिला जेल लावायला द्यायचो आणि सोबत रोज डायक्लोफेनॅकची गोळी. ही गोळी शेड्यूल एच मधली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. दुकानात तो नियम मी अधूनमधून पाळायचो, घरात कधीच नाही. तिची पावलं सुजायला लागली, दम लागू लागला, रक्तदाब चढाच. भंडाऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याचं काही चालू आहे का?" मी म्हणालो, "फक्त जेल." आई माझ्याकडे बघत होती. औषधवाला असून आईला मनानं गोळ्या चारतो हे त्यांच्यासमोर कबूल करवलं नाही. माझ्या उत्तरावर विश्वास ठेवून त्यांनी रक्तदाबाचं औषध वाढवलं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाढून आला तेव्हा मी फोन करून खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "हे त्या दिवशी सांगितलं असतं तर मी औषध वाढवलं नसतं." गोळी बंद केली, सूज हळूहळू उतरली. मूत्रपिंडं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचं काय करतं, हे देशाला गिधाडांनी दाखवलं होतं. हे औषध टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं, तरी ही बातमी वाचून मी दुकानातल्या पट्टीकडे एकदा तरी वळून बघायला हवं होतं.

आणि यात उलटं काय झालं पाहा. एका गुडघ्याला पूर्ण मात्रेत, दिवसाला 16 ग्रॅम जेल लावलं तरी रक्तात पोचणारं डायक्लोफेनॅक गोळीच्या मानानं सुमारे सहा टक्के. वरून लावायच्या औषधाचं सगळं मोल या आकड्यात आहे. काम सांध्यावर, भार पोटावर आणि मूत्रपिंडावर कमी. म्हणून 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आणि 2022 च्या ब्रिटनच्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी जेलचा नंबर गोळीच्या आधी लागतो, विशेषतः म्हाताऱ्या, रक्तदाब-साखरेच्या माणसांसाठी. मी जेल गोळीच्या जागी दिलं नाही, गोळीवर तोंडी लावायला दिलं. जेल एवढंसं, गोळी रोज. आईला ज्याचा आधार व्हायचा ते तिच्या उशाशी होतं, माप चुकलेलं.

मी काही जेलचा प्रचारक झालेलो नाही. 2016 च्या कॉक्रन आढाव्यात सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्या दहांपैकी सहांना चांगला आराम पडला, आणि नुसता औषधाविना लेप लावणाऱ्या दहांपैकी पाचांनाही. फरक दहात एकाचा. झिजलेली कूर्चा कुठलंही जेल परत आणत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम आणि वजन, या दोन गोष्टींना पर्याय नाही. पण रोवणा करणाऱ्या बाईला व्यायाम सांगताना माझी जीभ अडखळते, आणि वजन तर तिचं आधीच नाही.

आता दुकानात काही बदललंय. कूर्चेच्या क्रीम मागवणं बंद केलं. मागणारे येतात, नाही म्हटलं की पवनीहून किंवा भंडाऱ्याहून आणतात, येताना मला खोकं दाखवतात. फळीवर एका पुठ्ठ्यावर 4 ग्रॅम जेलची रेघ किती लांब होते ती काढून ठेवली आहे. लावून किमान तासभर पाणी नको, शेक नको, वर काही बांधू नका, रुईचं पानसुद्धा नको, खरचटलेल्या जागी नको, हे तोंडी सांगतो. कीटोप्रोफेनचं जेल असेल तर गुडघा उन्हात उघडा ठेवू नका हेही सांगतो, कारण त्यानं उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गुडघा गरम, लाल, सोबत ताप असेल तर ट्यूब देत नाही, रुग्णालयात पाठवतो. आणि आधी विचारतो, कुठल्या गोळ्या चालू आहेत. यावर लोक चिडतात. ट्यूब घ्यायला आलेल्या माणसाला एवढी चौकशी आवडत नाही, आणि त्यांना ही सवय लावणारा मीच.

पैशांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. पूर्ण मात्रेत एका गुडघ्याला तीस ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही नीट जात नाही. 2 ग्रॅम तीनदा असं धरलं तरी पाच दिवस. दोन गुडघे म्हणजे त्याच्या निम्मे. रोवण्याच्या मजुरीवर हे बसत नाही. परवा मी पुठ्ठ्यावरची रेघ दाखवून हे सगळं एका काकूंना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हन्जे आठवड्याले किती ट्यूबा?" मी सांगितलं. त्या जरा वेळ रेघेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग एकाच टोंगऱ्याले लावतो. जो जास्त दुखते त्याले. पुरा लावतो, तू सांगतं तसा. रातच्याले, कामाहून आल्यावर, आंग धुऊन."

दोन्ही गुडघ्यांना हरभरा-हरभरा लावण्यापेक्षा ते बरं होतं. मी हो म्हटलं आणि एक ट्यूब दिली.